माझ्याच बाईंना संगणक कसा शिकवू?

पत्र :

मी परळच्या एका अनुदानित मराठी शाळेत विज्ञान शिकवते. शिकलेही याच शाळेत. गेल्या वर्षी माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचने शाळेला चार इंटरॅक्टिव्ह पॅनल (फळ्यासारखे मोठे टचस्क्रीन) आणि वीस संगणक दिले. कंपनीच्या मुलाने दोन दिवस प्रशिक्षण दिलं, समोसे झाले, ग्रुपवर फोटो पडले. मग मुख्याध्यापकांनी मला 'तंत्रस्नेही शिक्षक' करून टाकलं. का, तर 'तुला जमतं'. दिवाळीपर्यंत सगळा स्टाफ तयार व्हायला हवा. प्रत्येकाने आठवड्याला किमान चार तासिका पॅनलवर घ्यायच्या आणि रजिस्टरमध्ये नोंद करायची.

प्रत्यक्षात माझ्या नववीच्या तासाला कुणीतरी मूल दारात येऊन उभं राहतं, 'मॅडम, सरांनी बोलावलंय, आवाज येत नाहीये.' शाळा सुटल्यावर शिकवीन म्हटलं तर कुणाला बदलापूर गाठायचं असतं, कुणाला विरार. रजिस्टरप्रमाणे सगळ्यात जास्त वापर ज्या सरांचा आहे, ते यूट्यूबवर धडा लावतात आणि मागे बसून वह्या तपासतात. आणि सगळ्यात अवघड म्हणजे मराठीच्या बाई. त्यांची दोन वर्षं राहिलीत. आठवी ते दहावी मला त्यांनीच शिकवलं. परवा स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'माझा आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. मला याची गरज काय?' मला उत्तर सुचलं नाही. त्यांना मी काय शिकवणार? की हे सगळं सोडून देऊ?

– नाइलाजाने तंत्रस्नेही, परळ

उत्तर :

सोडू नका. पण आत्ता जे चाललंय ते तसंच रेटूही नका.

आधी ते रजिस्टर बंद व्हायला हवं. त्याचा निकाल तुमच्या पत्रातच लागलाय: वह्या तपासणारे सर पहिले, आणि जीव तोडून शिकवणाऱ्या बाई शेवटच्या. पॅनल किती तास चालू होतं हे मोजायला लागलं की लोक ते चालू ठेवतात, एवढंच. मुलांना काय कळलं याचा त्या नोंदीत मागमूस नाही. शिवाय सहीसाठी केलेल्या कामाचा आपल्या शाळांना आधीच वीट आलाय. सरल, यूडायस, शालार्थ ही सरकारी पोर्टलं, पोषण आहाराचे आकडे... बहुतेक शिक्षकांच्या आयुष्यात संगणक आला तो वर्गाच्या दारातून नव्हे, ऑफिसच्या दारातून. 'ऑनलाइन' म्हटलं की त्यांना संध्याकाळी सहापर्यंत भरायची माहिती आठवते. त्यात हे आणखी एक रजिस्टर. कोण खूश होईल?

मुख्याध्यापकांशी बोलताना वडोदऱ्याचं उदाहरण द्या. 2000 च्या सुमारास तिथल्या महापालिका शाळांना गुजरात सरकारने चार-चार संगणक दिले होते, आणि बहुतेक ठिकाणी ते नुसते पडून होते. पुढे 'प्रथम' या संस्थेने (ही मूळची आपल्या मुंबईतलीच) त्याच संगणकांवर चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास गणिताचे खेळ द्यायला सुरुवात केली. एका संगणकावर दोन मुलं, आणि ज्याला जे जमेल त्या पातळीची गणितं. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा नीट अभ्यास केला, तो 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांचं गणित चांगलंच सुधारलेलं दिसलं, मात्र कार्यक्रम संपल्यावर त्यातलं बरंचसं ओसरलं. त्याच गटातल्या ली लिंडन यांनी मग गुजरातमध्येच पुढचा प्रश्न विचारला: संगणकाचा तास नेहमीच्या शिकवण्याच्या जागी घातला तर काय होतं, आणि शाळेच्या वेळेबाहेर जोड म्हणून दिला तर काय? जागी घातला तिथे मुलं मागे पडली. जोड म्हणून दिला तिथे फायदा झाला, आणि तो विशेष करून कच्च्या मुलांना. संगणक तेच, खेळ तेच.

म्हणजे आठवड्याला चार तासिका हा आकडा कुठून आला, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. चांगल्या शिकवण्याच्या चार तासिका काढून तिथे व्हिडिओ लावले, तर शाळेचं नुकसानच होणार आहे.

आता प्रशिक्षणाकडे वळू. कंपनीच्या मुलाने दोन दिवस काय शिकवलं असेल ते इथे बसून सांगता येतं. पेन कसं निवडायचं, रंग कसा बदलायचा, पान कसं सरकवायचं, पडद्यावर कंपास कसा फिरवायचा. त्यात त्याची चूक नाही, त्याला पॅनल येतं. दहावीचा भिंगांचा धडा मुलांना कुठे अडतो, हे त्याला कसं ठाऊक असणार? हीच गत आपल्याकडे बऱ्याच वर्षांपासून आहे. 2001 नंतर एमएस-सीआयटी आलं, नोकरीसाठी लागतं म्हणून सगळ्यांनी केलं, आणि त्याचं सर्टिफिकेट आज सर्व्हिस बुकाच्या फाइलीत आहे. वर्ड-एक्सेल आलं, पण वर्गात उद्या काय करायचं ते आलं नाही. वरिष्ठ वेतनश्रेणीसाठीच्या ऑनलाइन प्रशिक्षणाचे व्हिडिओ तर किती घरांत एकीकडे भाजी निवडता निवडता 'पूर्ण' झाले, त्याबद्दल आपण न बोललेलंच बरं.

2006 मध्ये पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांनी यावर एक मांडणी केली, ती शिक्षक-प्रशिक्षणाच्या क्षेत्रात जगभर वापरली जाते. यातले मिश्रा आपल्या पवईच्या आयआयटीत डिझाइन शिकलेले. सोप्या भाषेत त्यांचं म्हणणं असं: विषय येणं, शिकवता येणं आणि यंत्र येणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वर्गात उपयोग होतो तो या तिन्ही जिथे एकत्र येतात तिथे. तुमच्या सहकाऱ्यांकडे पहिल्या दोन गोष्टी आहेत, काहींकडे तीस-तीस वर्षांच्या आहेत. तिसरी एकटीच शिकवायला गेलात तर ती लोंबकळत राहते. सुरुवात धड्यापासून करा.

तुमच्याच विषयाचं बघा. दहावीच्या 'भिंगे व त्यांचे उपयोग' या धड्यात बहिर्गोल भिंगासमोर वस्तू सहा जागी ठेवायची असते: अनंत अंतरावर, 2F1 च्या पलीकडे, 2F1 वर, मग 2F1 आणि F1 च्या मध्ये, F1 वर आणि शेवटी F1 च्या आत (F1 म्हणजे भिंगाची नाभी, 2F1 तिच्या दुप्पट अंतरावर). फळ्यावर सहा आकृत्या काढेपर्यंत तास संपतो, आणि मुलं तक्ता पाठ करतात. कोलोरॅडो विद्यापीठाने फेट नावाची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर हाताळता येणारे प्रयोग, केली आहेत. नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी हा प्रकल्प 2002 मध्ये सुरू केला, सगळं फुकट आहे, बरीच सिम्युलेशन्स मराठीतही मिळतात आणि आधी उतरवून घेतली तर नेटशिवाय चालतात. त्यातल्या भिंगाच्या सिम्युलेशनमध्ये वस्तू बोटाने सरकवता येते. F1 पर्यंत सरकवत नेली की पलीकडची प्रतिमा मोठी मोठी होत लांब पळते, आणि F1 ओलांडला की एकदम वस्तूच्याच बाजूला, सुलटी उभी राहते. पण सरकवण्याआधी थांबा. 'आता प्रतिमा कुठे जाईल? वहीत लिहा.' मुलांनी लिहिल्याशिवाय बोट हलवायचं नाही. मग पॅनल बंद करून पट्टी-पेन्सिलने दोन आकृत्या काढून घ्या, कारण बोर्डाच्या पेपरात पॅनल नसतं. पॅनलचा वापर जेमतेम बारा मिनिटं. तुमच्या रजिस्टरमध्ये हा तास बसणारही नाही.

हा तास विज्ञानाच्या दुसऱ्या शिक्षकांना मागे बसून बघू द्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी दुसऱ्या तुकडीवर तो घ्यावा आणि तुम्ही मागे बसावं. काही अडलं तरच उठायचं, पेन हातातून काढून घ्यायचं नाही. त्यानंतर त्यांचं त्यांना सोडा. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अभ्यासकांनी 1980 च्या दशकातच सांगितलं होतं, की नुसतं ऐकून-बघून झालेलं प्रशिक्षण वर्गापर्यंत फारसं पोचत नाही, ते पोचतं जेव्हा कुणीतरी सहकारी प्रत्यक्ष वर्गात सोबत असतो. एका वेळी एक विषय, एक जोडी. अठरा-वीस जणांना हॉलमध्ये एकत्र बसवून काही होत नाही, ते तुम्ही बघितलंच आहे.

भूगोलाला समोच्च रेषा घ्या. वहीतली ती वेडीवाकडी वर्तुळं म्हणजे डोंगर, हे मुलांच्या गळी उतरत नाही. गुगल अर्थवर रायगड उघडून नकाशा तिरका करायचा आणि कडा कुठे आहे ते विचारायचं. वहीत ज्या बाजूला रेषा एकमेकींना चिकटल्यात तिथेच कडा निघतो. पाच मिनिटांचं काम आहे.

वह्या तपासणाऱ्या सरांशी भांडू नका. साठ-सत्तर वह्यांचे गठ्ठे आणि वर बीएलओची, म्हणजे मतदार याद्यांची, ड्युटी असेल तर माणूस कुठूनतरी वेळ काढणारच. त्यांना एकच गोष्ट सुचवा: अख्खा व्हिडिओ न लावता त्यातली चार मिनिटं निवडा, मध्ये दोनदा थांबवा आणि प्रश्न विचारा. ते नाहीच जमलं, तर त्यांनी पॅनल बंद ठेवून शिकवलेलं चांगलं.

आता बाई.

त्या स्टाफरूममध्ये जे म्हणाल्या ते तुम्हाला लागलं, पण प्रश्न अगदी रास्त आहे, आणि सगळ्या स्टाफच्या वतीने त्यांनीच तो विचारला. 'गरज काय?' याचं उत्तर देता येत नसेल तर यंत्र वर्गात आणूच नये. आणि तुम्ही त्यांना 'शिकवायला' जाऊ नका. ज्यांनी तुमचे रफार सुधारले त्यांना 'बाई, इथे टच करा' असं चारचौघांत सांगणं दोघींनाही जड जाणार. त्यांच्याकडे मदत मागायला जा, एकट्या असताना.

म्हणा, 'बाई, नववीचे निबंध फार कच्चे आहेत. तुम्ही एक निबंध सगळ्यांसमोर तपासाल का?' एका मुलाच्या निबंधाचा मोबाइलवर फोटो काढा, नाव झाका आणि तो पॅनलवर मोठा करून ठेवा. मुलाची परवानगी आधी घ्या, किंवा दुसऱ्या तुकडीतला निबंध घ्या. बाईंच्या हातात लाल रंगाचं पेन द्या. त्यांना फक्त लिहायचंय, बाकी काही दाबायचं नाही. मग त्या जे वर्षानुवर्षं एकेका वहीत करत आल्या ते पहिल्यांदा सगळ्या वर्गाला दिसेल: हे वाक्य का मोडलं, इथे परिच्छेद का हवा, 'आणि' चारदा आलं त्यातलं कुठलं काढायचं. बाईंचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो हे खरंच आहे, त्यांची लाल शाई मात्र पोचत नव्हती. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे, आणि ते तुम्ही बोलून दाखवायची गरज नाही, त्यांना वर्गात दिसेल.

हे आवडलं तर पुढची पायरी मजेची आहे. बोलून टाइप करायची गुगलची सोय 2017 पासून मराठीत आहे. बाईंनी एक उतारा मोबाइलसमोर वाचायचा आणि मोबाइलने काय लिहिलं ते पॅनलवर दाखवायचं. विरामचिन्हं बहुतेक गायब असतील. 'दिन' आणि 'दीन', 'शिर' आणि 'शीर' यांत गफलत होऊ शकते. वर्गाने चुका शोधायच्या. यंत्र चुकतंय आणि बाई सुधारतायत, या मांडणीत कुठल्याही मराठीच्या शिक्षकाला कमीपणा वाटणार नाही. उलट दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच मोबाइल घेऊन येण्याची शक्यता आहे. आणि नाही आल्या, तर त्यांना सोडून द्या. दोन वर्षांनी निवृत्त होणाऱ्या चांगल्या शिक्षिकेने पॅनलला हात लावला नाही म्हणून कुठल्याही मुलाचं काही बिघडत नाही.

मराठी शिक्षकांच्या वाटेतला खरा काटा वेगळाच असतो, आणि तो कुठल्याच प्रशिक्षणात काढत नाहीत: फॉन्ट. बाईंनी इतक्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका बाहेर डीटीपीवाल्याकडे टाइप करून घेतल्या असणार, बहुधा श्रीलिपीत नाहीतर कृतिदेवमध्ये. ती फाइल पेन ड्राइव्हवरून पॅनलवर उघडली की अक्षरांच्या जागी इंग्रजी मुळाक्षरं आणि टिंबं-रेघा दिसतात. माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं, आणि तो परत त्या वाटेला जात नाही. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं ही इंग्रजी अक्षरांवर चढवलेली चित्रं असतात. फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे तसं होत नाही. जुन्या फाइली युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, जोडाक्षरं तेवढी हाताने तपासावी लागतात. एखाद्या शनिवारी बाईंच्या दहा प्रश्नपत्रिका अशा बदलून दिल्यात तर दोन दिवसांच्या प्रशिक्षणापेक्षा जास्त काम होईल. आणि टाइप करायला शिकायची ज्यांना हौस आहे, त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे छोटे धडे आहेत, मराठीतून, फुकट.

दारात येणाऱ्या मुलांचं काय? तुमचा नववीचा तास तुमचा आहे. तासाला उठून जायचं नाही, हे मुख्याध्यापकांकडून स्टाफच्या ग्रुपवर लिहून घ्या. प्रत्येक वर्गातली दोन-तीन मुलं तयार करा: पॅनल सुरू करणं, आवाजाची वायर, इनपुट बदलणं, धूळ पुसणं. केरळमध्ये 2018 पासून 'लिटल काइट्स' नावाने शाळाशाळांतून मुलांचे असे गट आहेत आणि शाळेतली संगणकाची बरीच कामं ती मुलंच सांभाळतात. केरळची दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. तिथे शिक्षकांना प्रशिक्षण देणारे बहुतांशी शिक्षकच असतात. आपल्या मुलांमध्ये मुलीही घ्या, नाहीतर वायरीला हात लावायचा तो मुलग्यांनीच, असं आपोआप ठरून जातं.

वेळ मात्र शाळेनेच द्यायला हवा. सुटल्यावर थांबा म्हणणं मुंबईत चालत नाही. गाडी चुकली की घरी पोचायला नऊ वाजतात. वेळापत्रक बघणाऱ्या सरांना भेटा आणि एकाच विषयाच्या दोन शिक्षकांचा आठवड्यातून एक ऑफ तास एकत्र येईल असं बसवून घ्या. तेवढ्या तासाला प्रॉक्सी, म्हणजे गैरहजर शिक्षकाचा वर्ग, लावायची नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. शाळेत जोडीने केलेलं हे कामही त्यात धरावं, असा आग्रह मुख्याध्यापकांकडे धरा.

मुख्याध्यापकांना रजिस्टरच्या बदल्यात काहीतरी द्यावं लागेल, कारण माजी विद्यार्थ्यांना दाखवायला त्यांच्याही हातात काही हवं. प्रत्येक शिक्षकाचा एका सत्रात एक धडा, एका पानावर: मुलांना काय अडत होतं, पॅनलवर काय केलं, नंतर वहीत काय दिसलं. दिवाळीपर्यंत सगळे तयार होणार नाहीत, हेही स्पष्ट सांगा. ॲपलने 1985 मध्ये अमेरिकेतल्या काही वर्गांत संगणक देऊन शिक्षकांचं वर्षानुवर्षं निरीक्षण केलं. त्यात सुरुवातीचा काळ वायरी आणि गोंधळ निस्तरण्यातच गेला, मग जुनंच शिकवणं नव्या यंत्रावर झालं, आणि शिकवण्याची पद्धत बदलायला काही वर्षं लागली. तिथे यंत्रं भरपूर होती आणि मदतीला माणसंही होती.

वीस संगणकांबद्दल फार लिहीत नाही. एका संगणकावर दोन मुलं बसवा, शाळा भरण्याआधी किंवा सुटल्यावर कच्च्या मुलांसाठी गणिताला कक्ष उघडा, आणि किल्ली एकट्या मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवू नका. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी सगळी यंत्रं चालू करा, नाहीतर मुंबईची दमट हवा आणि उंदीर आपापलं काम करतात.

त्या माजी विद्यार्थ्यांनाही एक फोन करा, मुख्याध्यापकांना सांगून. वॉरंटी कधी संपते, नंतरच्या देखभालीचा करार कोण करणार आणि वीजबिलाचा वाढीव भार कोण उचलणार, हे विचारून घ्या. वेतनेतर अनुदानाची, म्हणजे पगार सोडून बाकीच्या खर्चासाठी मिळणाऱ्या सरकारी पैशाची, अवस्था तुम्हाला माहीत आहे. पाचवं पॅनल देऊ म्हणाले तर नको म्हणा, त्या पैशात तीन वर्षांची देखभाल मागा.